कॉलेजच्या आवारातच पगारी अर्धवेळ अप्रेंटिसशिप: पोरांचा फायदा की कंपनीला स्वस्तातली माणसं?

हिंगणारोड:
आमच्या इंजिनीअरिंग कॉलेजात थर्ड इयरपासून ही अर्धवेळ अप्रेंटिसशिपची भानगड आणायची चर्चा चालू आहे. कंपनी कॅम्पसमध्येच जागा घेणार, सिनियर लोकं तिचे, अन् पोरांनी लेक्चर आटपलं की रोज तीनेक तास खरं काम करायचं, महिन्याला स्टायपेंड. मी म्हणतो आणाच. एआयसीटीईनं, म्हणजे तंत्रशिक्षणाच्या केंद्रीय परिषदेनं, 2018 च्या मॉडेल करिक्युलममध्ये इंटर्नशिपला क्रेडिट दिले, चांगलं केलं, पण सगळ्या पोरांना पुरतील एवढ्या जागा कुठे आहेत? मग उन्हाळ्यात पैसे भरून सर्टिफिकेट आणायचं, रिपोर्ट सिनियरचा उतरवायचा, झाली इंटर्नशिप. अन् कमवा आणि शिका तर आपल्याकडे कर्मवीर भाऊराव पाटलांपासून आहे, यात नवीन काय?

तर्रीवाला:
अबे भाऊ, कर्मवीरांना कशाला मधात आणतो. त्यांची पोरं आपल्याच संस्थेच्या शेतात राबत होती, कोणाच्या बॅलन्सशीटसाठी नाही. 1961 चा अप्रेंटिस कायदा वाच, त्यात सरळ लिहिलं आहे की अप्रेंटिस म्हणजे शिकाऊ, कामगार नाही, म्हणजे कामगार कायदे लागू नाहीत. पदवीधर अप्रेंटिसला 2019 च्या नियमानं महिना किमान 9000 ठरले, डिप्लोमावाल्याला 8000. तुमच्या अर्धवेळवाल्याला किती? जी चर्चा चालू आहे म्हणता त्यात आकडा आहे का एखादा? नसंल तर 2000 टेकवून मोकळे होतील अन् पोरगं फोटो टाकून खुश.

थर्डइयर_इलेक्ट्रिकल:
दादा, 2000 तरी कोण देऊन राहिलं सध्या? केंद्राची पीएम इंटर्नशिप 2024 ला आली तेव्हा महिन्याला 5000 होते पण फुलटाइम शिकणारा चालत नव्हता. राज्याच्या मुख्यमंत्री युवा कार्य प्रशिक्षणमध्ये पदवीवाल्याला 10000, तिथंही शिक्षण चालू असंल तर नाही. म्हणजे डिग्री हातात येईपर्यंत घरूनच मागा. आमच्या घरी कापूस आहे, यंदा काय भाव मिळाला ते विचारू नका, मेसचे पैसे मागायला फोन लावायचा तर दोन दिवस हिंमत करावी लागते. मी सध्या नववी-दहावीच्या ट्यूशन घेते, त्यात माझं इलेक्ट्रिकल किती वाढतं ते तुम्हीच सांगा.

लॅब_नंबर_चार:
बेटा, तुझी गोष्ट पटते, पण मी शिकवतो म्हणून दुसरी बाजूही दिसते. दुपारनंतर आमची प्रॅक्टिकल असतात. पोरं कंपनीच्या खोलीत बसली की पहिली कात्री तिथंच लागणार, अन् हजेरीच्या 75 टक्क्यांसाठी सह्या मात्र आमच्याकडूनच घेतील. शिवाय निवड कोणाची होईल? नऊच्या वर सीजीपीए वाल्यांची, ज्यांना तशीही नोकरी लागणार आहे. अन् येईल ती सॉफ्टवेअर कंपनीच, खोली अन् वायफाय मिळालं की तिचं भागतं. सिव्हिल-मेकॅनिकलच्या पोरांनी तिथं काय टेस्टिंगची बटणं दाबत बसायचं?

बुटीबोरीवाला:
राजेहो, काम देणाऱ्याचंही ऐकाल का? बुटीबोरी एमआयडीसीत माझं इलेक्ट्रिक पॅनल बनवायचं छोटं युनिट आहे. तीस किंवा जास्त माणसं असलेल्यांना अडीच ते पंधरा टक्के अप्रेंटिस घ्यावेच लागतात, मी तेवढा मोठा नाही, तरी घेतो. नवीन पोरगं सुरवातीला कमावून देत नाही, उलट माझा एक चांगला वायरमन त्याच्यापाशी अडकून राहते. अन् हे रोजचे तीन तास कोणाच्या डोक्यातून निघालं बाप्पा? पॅनलचं वायरिंग अर्ध्यात सोडून पोरगं गेलं की दुसऱ्या दिवशी पहिला तास कोणता फेरूल (वायरच्या टोकाची नंबरची खूण) कुठं होता हे हुडकण्यातच जाते. मला आठवड्याचे सलग दोन दिवस द्या, सकाळ ते संध्याकाळ, पैसेही बरे देईन. तीन तासाच्या तुकड्यात शिकणं होत नाही, नुसती हजेरी होते.

हिंगणारोड:
हे मात्र पटलं. शुक्रवार-शनिवार मोकळे करा, प्रॅक्टिकल सोमवार ते गुरुवारात बसवा.

तर्रीवाला:
हो, टाइमटेबल तुझ्या काकाचं आहे ना. अन् आकडा अजूनही सांगितला नाहीच.

थर्डइयर_इलेक्ट्रिकल:
बुटीबोरीवाले काका, दोन दिवस चालतील, पण नागपूरची मेट्रो तुमच्या बाजूला सध्या खापरीपर्यंतच आहे. पुढं संध्याकाळी सातनंतर शेअर ऑटोत लटकत यायला घरचे हो म्हणणार नाहीत, मुलींना तर नाहीच. म्हणूनच कॅम्पसमध्ये पाहिजे. तुमचे एकदोन पॅनल इकडे आमच्या वर्कशॉपला आणता येतील का?

बुटीबोरीवाला:
आणतो की. माल माझा, वायरमनही पाठवतो. पण टेस्टिंगला थ्री-फेज लागते, अन् कोणाला शॉक लागला तर कागदावर जबाबदार कोण ते आधी ठरवा.

लॅब_नंबर_चार:
थ्री-फेज आमच्या मशीन लॅबमध्ये आहे, मी उभा राहतो. पण पोरांचा विमा तुम्ही काढायचा, अन् एका दिवसाचे किती देणार ते लेटरहेडवर लिहून आणा. त्याशिवाय मी एचओडींकडे (विभागप्रमुखांकडे) जात नाही.