गोव्यात सेकंडहँड पोर्श बॉक्स्टर: पावसात सांभाळता येते काय?

म्हापसेकार: पुण्यात २०१० ची ९८७ (हा त्या पिढीचा मॉडेल कोड) बॉक्स्टर बघितलीय, मन बसलंय एकदम. पण आमचं घर पर्रात, समुद्र जवळ, त्यात पावसाचे चार महिने आणि कापडी टप. काय काय बघू?

फोंड्याचो पात्रांव: घे रे, गाडी सुंदरच आहे! पण आधी टपाचे ड्रेन, म्हणजे पाणी बाहेर जायच्या वाटा, बघ, पानांनी बुजले की पाणी सरळ आत उतरतं आणि सीटखाली इमोबिलायझरचा (चोरी रोखणाऱ्या लॉकचा) कंट्रोल युनिट असतो, तो भिजला की गाडी स्टार्टच होत नाही, खर्च मोठा. पावसाआधी ड्रेन साफ करायचेच. पुढच्या बंपरच्या जाळ्यांतून आत टॉर्च मारून बघ, रेडिएटर तिथेच दोन बाजूंना असतात, पाला साचून ओला राहतो आणि ते कुजतात, खाऱ्या हवेत तर आणखी लवकर.

डिचोलीवाला: टायरच्या कडेवरच्या DOT कोडचे शेवटचे चार आकडे वाच, ३२१५ म्हणजे २०१५ चा ३२ वा आठवडा. नक्षी कितीही छान दिसली तरी इतके जुने टायर बदलच, ओल्या रस्त्यावर जिवाशी खेळ. ब्रेक ऑइल दर दोन वर्षांनी.

मडगावकार: कागदांचंही बघ, पुण्याच्या आरटीओची एनओसी (ना-हरकत दाखला) लागेल, १२ महिन्यांपेक्षा जास्त इथे ठेवणार तर गोव्याचा नंबर आणि रोड टॅक्स आलाच.