जिन्याखालून सायकल चोरीला गेली. जुनी आहे म्हणून सोडून द्यायची का?

पहिलीपाळी

नमस्कार मंडळी. मी बेस्टमध्ये कंडक्टर आहे. राहायला पूर्व उपनगरात, जुनी म्हाडा वसाहत, चार मजले, लिफ्ट नाही. गेल्या आठवड्यात आमच्या जिन्याखालून माझी सायकल चोरीला गेली. मागच्या चाकाचं गोल कुलूप लावलेलं होतं, शिवाय साखळीने कठड्याच्या गजाला बांधून वेगळं कुलूप होतं. पहाटे साडेतीनला ड्यूटीला निघालो तर कापलेली साखळी फरशीवर आणि जागा रिकामी.

सायकल ॲटलस, 22 इंची, काळी, रॉड ब्रेकची. 1998 साली नोकरीत कायम झालो तेव्हा घेतली. कॅरिअर एकदा तुटलं होतं, त्याला डावीकडे वेल्डिंग आहे. डावं पायडल उजव्याशी जुळत नाही. मागच्या मडगार्डवर माझा बिल्ला नंबर पांढऱ्या ऑइलपेंटने लिहून घेतलेला आहे. ॲटलसने साहिबाबादचा कारखाना 2020 मध्ये बंद केला, तेव्हापासून तर मी तिला आणखीच जपत होतो. दर पावसाळ्याच्या आधी चेन उतरवून रॉकेलमध्ये, आता रॉकेल मिळत नाही तर डिझेलमध्ये, स्वतः धुतो.

लोकांना वाटतं, जुनी सायकल गेली त्यात काय एवढं. पहिल्या पाळीचं गणित त्यांना माहीत नाही. पहिली बस रस्त्यावर यायची तर कंडक्टर-ड्रायव्हर त्याच्या आधी डेपोत पाहिजेत. म्हणजे आम्हाला डेपोत न्यायला बस नसते. रिक्षा मिळते, पण किमान भाडं 26 रुपये झालंय आणि पहाटे पाचपर्यंत त्यावर 25 टक्के जादा. माझं अंतर किमान भाड्यातलं नाही. रोज हे कुठून आणू? सध्या चालत जातोय. हायवेच्या सर्व्हिस रोडवर त्या वेळी कुत्री असतात, आणि आठ तास उभं राहायच्या आधीच पाय भरून येतात.

पोलीस ठाण्यात गेलो. नीट बोलले, बसायला खुर्ची दिली. किंमत विचारली. जुन्या बाजारात जी येईल ती मी खरीखुरी सांगितली, दोनेक हजार. पाच हजारांच्या आत म्हणून अदखलपात्र नोंद करून पावती दिली. मला विचारायचंय, हे एवढ्यावरच थांबतं का? कोणी आपल्या घरात, आपल्या जिन्यात शिरून कुलूप तोडून वस्तू नेली, आणि ती स्वस्त होती म्हणून तपासच नाही?

आता दुसरी गोष्ट, जिच्यामुळे मला जास्त त्रास होतोय. आमच्या आवारात गेटजवळ एक इस्त्रीवाले भाऊ बसतात. त्यांचा मुलगा नववीत आहे. माझ्या सायकलवरच तो सायकल शिकला, अजूनही सुट्टीच्या दिवशी विचारून चक्कर मारून आणतो, चाकात हवा भरून ठेवतो. चोरीनंतर कोणीतरी सोसायटीच्या व्हॉट्सॲप ग्रुपवर त्याचा गेटच्या कॅमेऱ्यातला फोटो टाकला. संध्याकाळचा फोटो, पोरगा नुसता उभा आहे. खाली लिहिलं, "यालाच सायकलची सवय होती." मग एकेकाने अंगठे दाखवले. मी लिहिलं की माझा त्याच्यावर काडीचा संशय नाही, फोटो काढून टाका. फोटो अजून तिथेच आहे. इस्त्रीवाले भाऊ कपडे न्यायला वर यायचे थांबलेत. पोरगा मला बघून रस्ता बदलतो.

त्याच कॅमेऱ्यात रात्री एक माणूस खांद्यावर सायकल घेऊन बाहेर जाताना दिसतो. डोक्यावर टोपी, चेहरा नाही. पण चालण्यावरून, बांध्यावरून तो मोठा माणूस आहे, हे कोणीही सांगेल. ते बघायला कोणाला वेळ नाही.

घरी बायको रात्री खाली जरा खुट्ट झालं की उठून खिडकीत जाते. मी तिला झोप म्हणतो आणि मग स्वतःच जागा राहतो. कोणी यातून गेलं असेल तर सांगा, काय केलंत?

जुनाहवालदार

कंडक्टर साहेब, मी मुंबई पोलिसातून निवृत्त झालो. तुमच्या पहिल्या प्रश्नाचं उत्तर: नाही, थांबत नाही.

1 जुलै 2024 पासून जुन्या भारतीय दंड संहितेच्या जागी भारतीय न्याय संहिता लागू आहे. साध्या चोरीचं कलम 303. त्यात पाच हजारांच्या आतली चोरी अदखलपात्र धरतात, आणि अदखलपात्र गुन्ह्यात दंडाधिकाऱ्याच्या आदेशाशिवाय पोलिसांना तपास करता येत नाही. तुम्हाला पावती मिळाली ती याच हिशोबाने. पण राहत्या इमारतीतून चोरी झाली तर कलम 305 येतं. सात वर्षांपर्यंत शिक्षा, दखलपात्र, आणि तिथे किमतीची अट नाही. तुमची सायकल रस्त्यावर नव्हती, इमारतीच्या आत जिन्याखाली बांधलेली होती. हा मुद्दा तुम्ही नोंद करताना बोललात का, आणि तो लिहिला गेला का, ते पावतीवर बघा. कलम कोणतं लावायचं हे अधिकारी ठरवतात, पण ठरवायला त्यांच्यासमोर हकीकत पूर्ण हवी.

वरिष्ठ पोलीस निरीक्षकांच्या नावे साधा अर्ज लिहा. जागा, वेळ, कापलेली साखळी, कॅमेऱ्यातला माणूस, सायकलच्या खुणा. तुमचा तो बिल्ला नंबर मोठ्या अक्षरात लिहा, अशी खूण सोन्यासारखी असते. अर्जाच्या प्रतीवर शिक्का आणि तारीख घ्या. दखलपात्र गुन्ह्याची खबर आली की गुन्हा नोंदवणं बंधनकारक आहे, हे सर्वोच्च न्यायालयाने ललिता कुमारी प्रकरणात 2013 मध्येच सांगितलंय. नोंदवला की प्रत तुम्हाला फुकट मिळते. नाहीच नोंदवला तर भारतीय नागरिक सुरक्षा संहितेच्या, म्हणजे तपास आणि खटल्याच्या पद्धतीच्या नव्या कायद्याच्या, कलम 173 प्रमाणे तोच मजकूर टपालाने परिमंडळाच्या उपायुक्तांना पाठवता येतो, आणि पुढे दंडाधिकाऱ्यांकडे जाता येतं. भांडायला जाऊ नका, अर्ज घेऊन जा.

कापलेली साखळी टाकू नका, हाताळू नका, पिशवीत ठेवा. कॅमेऱ्याचं चित्रण आजच्या आज पेन ड्राइव्हवर घ्यायला सांगा. ही यंत्रं जुन्यावर नवं चढवत जातात, मागचं पुसलं जातं. यंत्रावरचं घड्याळ बरोबर आहे का तेही ताडून बघा. पुष्कळ ठिकाणी ते मागेपुढे असतं आणि मग जबाबातली वेळ जुळत नाही. हे चित्रण कोर्टात द्यायचं तर नव्या भारतीय साक्ष्य अधिनियमाच्या, म्हणजे पुराव्याच्या कायद्याच्या, कलम 63 चं प्रमाणपत्र लागतं, ते सोसायटीच्या सचिवाकडून घेतील.

एक खरं सांगतो. सायकल मिळेलच असं नाही. अशा पुष्कळ प्रकरणांत शेवटी 'अ समरी' होते, म्हणजे गुन्हा खरा, आरोपी सापडला नाही. तरी नोंदवा. उद्या दुसऱ्या चोरीत एखादा पकडला गेला आणि त्याच्याकडे चार सायकली निघाल्या, तर त्यातली कोणाची कोणती हे त्या नोंदीवरूनच कळतं. नोंद नसेल तर तुमची सायकल बेवारस मुद्देमाल म्हणून ठाण्याच्या आवारात गंजत राहील.

आणि त्या पोराचं नाव अर्जात येता कामा नये. पोलीस विचारतील, कोणावर संशय? "नाही" म्हणा. मी नोकरीत असताना पाहिलंय, शेजाऱ्यांनी नुसतं बोट दाखवलं म्हणून ठाण्यात आणून बसवलेलं पोरगं शाळेत परत जायला तयार नसतं.

शीतल_परळ

दादा, तुमचं त्या मुलाबद्दलचं वाचून राहवलं नाही म्हणून लिहितेय.

आमच्या इमारतीत पार्किंगमधून माझ्या मुलाची गिअरची सायकल गेली होती. रात्रपाळीच्या वॉचमनवर आळ आला. तो बिहारचा, साधा माणूस, सोसायटीच्या मीटिंगमध्ये हात जोडून उभा होता. मी आणि आमच्या मजल्यावरच्या काकूंनी सांगितलं की पुरावा काय, आधी शेजारच्या इमारतीचा कॅमेरा बघा. कोणी ऐकलं नाही. एजन्सीला फोन करून त्याला काढला, त्या महिन्याचा पगारही अडवला. नंतर शेजारच्या कॅमेऱ्यात मागच्या भिंतीवरून सायकल उतरवून घेणारी दोन माणसं दिसली. तोवर तो गावी निघून गेला होता. त्याचा फोन लागत नाही. माझ्या मुलाला नवी सायकल आली, पण तो माणूस कुठे आहे हे आम्हाला कोणालाच माहीत नाही. मला त्याचा राग अजून येतो.

तेव्हा तुम्ही थांबू नका. ग्रुपवर लिहून भागत नाही, लोक वाचतात आणि पुढे सरकतात. सचिवांना लेखी पत्र द्या: सायकल माझी, फिर्यादी मी, माझा या मुलावर संशय नाही, त्याचा फोटो काढावा. ते पत्र नोटीस बोर्डावर लावायला सांगा. इस्त्रीवाल्या भाऊंकडे तुम्ही आणि वहिनी दोघं जा, सगळ्यांच्या देखत, दिवसाउजेडी. कपड्यांचं गाठोडंही घेऊन जा.

वहिनींना सांगा, माझीही झोप उडाली होती. कमी झालं ते जिन्यात रात्रभर जळणारा दिवा लागल्यावर, आणि खालच्या लोखंडी दाराला आतून कडी बसल्यावर. मनाला समजावून उपयोग झाला नव्हता.

चाकवाला_लालबाग

माझं सायकल दुरुस्तीचं दुकान आहे. लोक तुम्हाला सांगतील चोर बाजारात जाऊन बघा. मटन स्ट्रीटवर जुन्या वस्तू, घड्याळं, ग्रामोफोन बघायचे असतील तर जरूर जा, पण 22 इंची रॉड ब्रेकची सायकल तिथे शोधून दिवस घालवू नका. असली सायकल एकतर भंगारात जाते, कारण वीसेक किलो लोखंड आहे, नाहीतर कामाच्या माणसाकडे जाते. पाववाले, चहावाले, इडलीचे डबे लावून फिरणारे, सगळ्यांना हीच सायकल लागते, कारण वजन हीच उचलते. ते बिचारे स्वस्तात मिळाली म्हणून घेतात, चोरीची आहे हे त्यांना कोण सांगणार?

तर तुमच्या आसपासच्या भंगारवाल्यांना वर्णन देऊन या. आणि तुमच्याकडे एक गोष्ट आहे जी आमच्याकडे नाही. तुमचे डेपोतले ड्रायव्हर-कंडक्टर पहाटेपासून रात्रीपर्यंत सगळ्या रस्त्यांवर असतात. बिल्ला नंबरची खूण त्यांना सांगा. मडगार्ड रंगवलं असलं तरी वेल्डिंग आणि बेजोड पायडल लपत नाही. दिसली तर हिसकावू नका, जागा बघून ठेवा आणि पोलिसांना कळवा.

फ्रेम नंबर असतो, तो जुन्या गाड्यांना सीटच्या नळीपाशी किंवा पायडलच्या नळीखाली ठोकलेला असतो. घेतानाची पावती जपली असेल तर तिच्यावर कदाचित लिहिलेला सापडेल.

कुलपाचं सांगतो. गोल कुलपाने चाक फिरत नाही, एवढंच. खांद्यावर उचलली की संपलं, तुमच्या बाबतीत तसंच झालं. हार्डवेअरवाल्याकडची बारीक कड्यांची साखळी मोठ्या कटरला एका दाबात जाते. पुढच्या वेळी कडक पोलादाची जाड साखळी घ्या, कापडी आवरणाची, आणि ती फ्रेम आणि मागचं चाक दोन्हींतून ओवून गजाला बांधा. साखळी जमिनीला टेकू देऊ नका. कटरचा एक दांडा जमिनीवर टेकवून अंगाचा भार टाकला की काहीही तुटतं, वर अधांतरी असली की चोराला तेवढा जोर लावता येत नाही. कठड्याचा गज स्वतः किती मजबूत आहे तेही हलवून बघा.

नवी घ्यायची तर अशी सायकल पाच हजारांच्या पुढेच जाते. घाई नसेल तर माझ्याकडे एक जुनी 22 इंची आहे, रिंगा बदलाव्या लागतील.

पहिलीपाळी

सगळ्यांचे मनापासून आभार. हवालदार साहेब, तुम्ही सांगितलं तसा अर्ज लिहिला, मुलीने टाइप करून दिला. वरिष्ठ साहेबांनी स्वतः वाचला. जिन्याखालची जागा इमारतीत येते का हे त्यांनी दोनदा विचारलं, आणि मग गुन्हा नोंदवून घेतला. पंचनाम्याला बीटचे दोघं घरी आले, साखळी घेऊन गेले. "कोणावर संशय?" हा प्रश्न आला. मी "नाही" म्हटलं, आणि जबाबात "नाही" लिहिलेलं वाचून मगच सही केली. यंत्रावरचं घड्याळ खरंच पुढे निघालं.

शीतलताई, पत्र दिलं. सचिव म्हणाले बोर्डावर कशाला, मी म्हटलं फोटो सगळ्यांनी पाहिला ना, मग हेही सगळ्यांनी पाहू दे. लावलं. फोटो काढला गेला. ज्यांनी टाकला होता ते अजून माझ्याशी बोलत नाहीत, त्याला माझा इलाज नाही. इस्त्रीवाल्या भाऊंकडे आम्ही दोघं गेलो. ते काहीच बोलले नाहीत, कपडे मोजून घेतले. पोरगा आतून आलाच नाही. मी पुन्हा जाणार आहे. एका भेटीत हे भरून येईल असं मला वाटत नाही, आणि नववीतल्या पोराने ते लगेच विसरावं अशी माझी अपेक्षाही नाही.

जिन्यातल्या दिव्याचं बायकोने मनावर घेतलंय, तळमजल्याच्या तिन्ही घरांनी मिळून खर्च करायचं ठरलं.

लालबागचे दादा, डेपोत सूचना फलकाशेजारी सायकलचं वर्णन लावलंय, ड्रायव्हर मंडळी मला रोज विचारतात. पावती जुन्या ट्रंकेत सापडली, शाई उडालीय पण फ्रेम नंबर वाचता येतो. तो पुरवणी जबाबात द्यायचाय. तुमची ती 22 इंची दुसऱ्याला देऊ नका. माझा डे ऑफ आला की येतो. रिंगा नव्या घालू, पण रॉड ब्रेकच ठेवा, पावसात मला त्याचाच भरवसा आहे. दुकान कितीला उघडता ते तेवढं कळवा.