शब्दचर्चा: 'अज्ञान' रुग्णाची 'संमती'

प्रश्न
एका संमतिपत्राचा मराठी मसुदा करते आहे. त्यात ओळ आहे, 'रुग्ण अज्ञान असल्यास पालकाची सही घ्यावी'. पंधरा वर्षांच्या भाचीने ती वाचली आणि म्हणाली, "मावशी, अज्ञान म्हणजे मी अडाणी का?" 'अल्पवयीन' लिहिलं तर कायद्याच्या दृष्टीने काही बिघडेल का? आणि 'संमती'ऐवजी सोपं 'परवानगी' चालेल?

प्रतिसाद १
बिघडत काही नाही, 'अल्पवयीन'च बरा. 'अज्ञान' हा कायद्याच्या मराठीतला जुना शब्द. सातबाऱ्यावर 'अ. पा. क.' दिसतं ना, ते 'अज्ञान पालनकर्ता'. इथे अकलेचा संबंध नाही, फक्त जन्मतारखेचा. 1875च्या कायद्याने 18 पूर्ण झाली की माणूस सज्ञान. आदल्या रात्री अज्ञान. शब्द समजेचा, मोजणी वयाची!

'परवानगी' मात्र नको. परवानगी अधिकार असलेला देतो, संमती ज्याच्या अंगावर गोष्ट होणार तो. सहलीला आई परवानगी देते. सुई माझ्या दंडात जाणार असेल तर संमती माझी. शिवाय 'संमती'त 'मती' आहे. न समजता हलवलेली मान म्हणजे संमती नव्हे.

प्रतिसाद २
डॉक्टर म्हणून थोडी भर. फौजदारी कायद्यात आणखी एक आकडा आहे: 12. जुन्या दंडसंहितेचं कलम 90, आता भारतीय न्याय संहितेचं 28. बारा वर्षांखालच्या मुलाची संमती ही संमतीच नाही. म्हणून बारावरचं मूल एकटं आलं तर घसा तपासायला सहसा अडचण मानत नाहीत, पण शस्त्रक्रिया म्हटली की पालकांना बोलावतातच. मधल्या सहा वर्षांसाठी सगळ्या उपचारांना लागू पडेल असं एक स्पष्ट कलम नाही. गर्भपाताचं तसं नाही: 1971च्या कायद्यानुसार अठराखालील मुलीसाठी पालकाची लेखी संमती लागते. आणि जीव धोक्यात असेल, पालक जवळ नसतील, तर सहीसाठी कुणी थांबत नाही, थांबूही नये.

प्रतिसाद ३
इंग्लंडमध्ये गाडी उलट्या दिशेने गेली. 1969च्या कायद्याने सोळा पूर्ण झालेल्यांना उपचारांना स्वतः संमती देता येऊ लागली. मग 1985 साली गिलिक खटला: सोळाखालील मुलीला पालकांना न विचारता डॉक्टरने गर्भनिरोधनाचा सल्ला द्यावा का? हाउस ऑफ लॉर्ड्सने (तेव्हाचं तिथलं सर्वोच्च न्यायालय) तीन विरुद्ध दोन असा निकाल दिला की मुलीला प्रश्न नीट समजण्याइतकी समज असेल तर देता येतो. तेव्हापासून तिथले डॉक्टर अशा मुलाला 'गिलिक-सक्षम' म्हणतात. म्हणजे आपल्या 'सज्ञान'चा मूळ अर्थ तिकडच्या न्यायालयाने अमलात आणला म्हणायचा!

प्रतिसाद ४
एक सावधगिरी. 'संमतिवय' शब्द या पत्रकात चुकूनही नको. मराठी वाचकाला 1891चा संमतिवयाचा कायदा आठवतो, तो शरीरसंबंधाचा. उपचाराची संमती वेगळी.

आणि पालकाची सही असली तरी मुलाचं म्हणणं विचारायला एक शब्द हवाच. संशोधनात ही पद्धत आहे. भारतीय वैद्यकीय संशोधन परिषदेची 2017ची मार्गदर्शक तत्त्वं सात ते बारा वयाला तोंडी आणि त्यापुढे अठरापर्यंत लेखी असा मुलाचा होकार वेगळा घ्यायला सांगतात. त्यासाठी आपल्याकडे 'रुकार' आहे की. पालकाची संमती, मुलाचा रुकार.

धागालेखिका
सगळ्यांचे आभार. आता ओळ अशी: 'रुग्ण 18 वर्षांखालील असल्यास पालकाची संमती व सही', खाली आणखी एक चौकट. तिच्यावर 'रुग्णाचा रुकार' लिहिलं होतं. भाचीने विचारलं, "रुकार म्हणजे नकार का?" 'होकार' केलं.