कार्पेंटर्स: बँकेच्या जाहिरातीला प्रेमगीत म्हणायचं का?

तबकडीवाला: काल इथे एका सद्गृहस्थांनी रिचर्ड आणि कॅरन कार्पेंटर या सत्तरच्या दशकातल्या अमेरिकन जोडीबद्दल लिहिलं, "कार्पेंटर्स म्हणजे श्रीखंडात कालवलेला गुलकंद. गाणारे सख्खे भाऊ-बहीण, आणि गाजलेलं प्रेमगीत मुळात बँकेची जाहिरात. पन्नास वर्षं लोक काय ऐकतायत, देव जाणे!" रात्री झोप लागली नाही, म्हणून सविस्तर लिहितोय.

जाहिरात होती, कबूल. 'वुईव्ह ओन्ली जस्ट बिगन' गीतकार पॉल विल्यम्स आणि संगीतकार रॉजर निकोल्सनी कॅलिफोर्नियातल्या क्रॉकर बँकेसाठी केलं. रिचर्डने ते टीव्हीवर ऐकलं आणि १९७० मध्ये रेकॉर्ड केलं. पण नव्या संसाराचं ते गाणं कॅरन केवढ्या खालच्या सुरात गाते! उत्साह शब्दांत आहे, आवाजात नाही. आवाज पुढचं सगळं बघून आलेल्या बाईचा, आणि ती तेव्हा जेमतेम वीस वर्षांची. 'सुपरस्टार' तर तिने कागदी रुमालावर खरडलेले शब्द वाचत एका टेकमध्ये गायलं, असं रिचर्डच सांगतो. याला गुलकंद म्हणायचं?

खारेदाणे: सद्गृहस्थ मीच. पुढचं सगळं बँकेनेही बघितलेलं असतंच, हप्ते तिलाच वसूल करायचे असतात. आणि त्याच 'सुपरस्टार'मधलं 'तुझ्यासोबत झोपणं' सोवळ्यात नेऊन 'तुझ्यासोबत असणं' कोणी केलं? १९७३ मध्ये निक्सनच्या व्हाइट हाउसमध्ये गाऊन आलेली गुणी बाळं ही! बाई ३२ व्या वर्षी गेली नसती तर आज हळहळायलाही कोणी नसतं.

तबकडीवाला: जुन्या गाण्यांसाठी हळहळणारं त्यांचं 'यस्टर्डे वन्स मोअर' गाजलं ते १९७३ मध्ये. ती गेली १९८३ मध्ये. दहा वर्षं आधीच हळहळत होते का लोक?

डग्गा: ते सोडा. तिला ड्रम्सवरून का उठवलं? ती स्वतःला आधी ड्रमर म्हणायची. तरी 'क्लोज टू यू'च्या रेकॉर्डवर ड्रम्स हॅल ब्लेन या स्टुडिओतल्या ड्रमरचे, आणि मंचावर तिला पुढे उभं केलं, कारण ड्रम्समागे दिसत नाही. माझ्या लेकीला तबल्याच्या क्लासमध्ये "मुलींनी गाणं शिकावं" असं तोंडावर सांगितलं. ती आता काहीच वाजवत नाही.

तबकडीवाला: दुःख समजतं. पण मूळ ड्रम्स ऐकायचे तर तबकडीच हवी. जुनी गाणी पुन्हा पुन्हा मिक्स करायची, म्हणजे वाद्यं-आवाजांचा मेळ बदलायची, रिचर्डची खोड जगजाहीर आहे. 'तिकीट टू राइड' तर १९७३ च्या संकलनासाठी तिच्याकडून पुन्हा गाऊन घेतलं. सीडीवाल्यांनी या विषयावर बोलूच नये.

डग्गा: म्हणजे तबकडी परवडत नाही त्याने गप्प बसायचं?

तबकडीवाला: तसं म्हटलं नाही.

डग्गा: तसंच म्हटलंत. वर वाचा.

खारेदाणे: प्रेम राहिलं बाजूला, आता सुईची किंमत विचारा.

सासष्टीकरीण: मी बोलू का? मडगावला आमच्या लग्नात बँडने 'क्लोज टू यू' वाजवलं. चौथ्या दिवशी नवरा बोटीवर गेला, नऊ महिन्यांसाठी. मागे एक कॅसेट आणि जुना टेपरेकॉर्डर. मोटर मंद चालायची, त्यामुळे कॅरन आणखी खाली, सावकाश गायची. मला वाटायचं, आवाज असाच आहे. पुढे त्याने सीडी आणली तर बाई घाईत असल्यासारखी वाटली, मी बंद केली. तबकडीवाले, माझं मूळ मिक्स कुठलं?

तबकडीवाला: ...तुमचं राहू द्या.

खारेदाणे: ताई, तुमच्यासाठी एक सूट देतो. 'गुडबाय टू लव्ह'मधला टोनी पेलुसोचा फझ गिटार सोलो, म्हणजे खरखरीत आवाजातला एकट्या गिटारचा तुकडा, चालतो. त्यावर चिडून चाहत्यांनी पत्रं पाठवली होती, तेवढ्यानेच मला तो आवडतो. फक्त सोलो. गाणं नाही.

तबकडीवाला: शेवटचा ना? तिथवर पोचायला गाणं ऐकावं लागतं, महाराज.

खारेदाणे: फॉरवर्ड करतो.

तबकडीवाला: मग मधला हुकत असेल.

खारेदाणे: मधलाही पाठ आहे. झोपा आता.