टीम बिल्डरमध्ये आपल्या भागाची टीम करायची आहे: नाव, रंग आणि कुणाची जागा घ्यावी?

अनगोळचा क्वार्टरबॅक

नमस्कार मंडळी. ईए स्पोर्ट्स कॉलेज फुटबॉल २६ खेळणारं इथं कुणी असलं तर सल्ला पाहिजे. बेळगावातल्या आपल्या लेले मैदानावरचा फुटबॉल नव्हे, अमेरिकेतल्या कॉलेजांचा, हेल्मेट घालून खेळतात तो. आतेभाऊ टेक्ससला असतो, त्यानं येताना डिस्क आणली आणि तेव्हापासून आम्ही चौघं याच गेमला लागलोय. चौघंही उद्यमबागेत कामाला. दोघांच्या घरी मराठी, दोघांच्या घरी कन्नड. शनिवारी रात्री माझ्या खोलीवर जमतो, एक जण कंट्रोलर धरतो आणि बाकीचे तिघं कुठला प्ले, म्हणजे कुठली चाल, टाकायची ते ओरडून सांगतात.

आता आम्हाला स्वतःची टीम करून डायनॅस्टी, म्हणजे एकच टीम सीझनमागून सीझन चालवायचा प्रकार, सुरू करायची आहे. टीम बिल्डर वेबसाइटवर चालतं, तिथं टीम करून मग गेममध्ये डाउनलोड करायची, इथपर्यंत सगळं समजलं. खातंही जोडून झालं. अडलंय ते रंगांवर. मी पहिल्यांदा भगवा धरला. मल्लिकार्जुनअण्णानं लाल-पिवळा, म्हणजे कन्नड झेंड्याचा, सुचवला. या दोन्ही रंगांमागं काय काय आहे ते बेळगावात वाढलेल्या माणसाला सांगायला नको. भांडण अजिबात झालं नाही, चहा पिऊनच सगळे घरी गेले, पण टीम तशीच अर्धवट राहिली. मला ते बरं वाटेना. तीस सीझनची डायनॅस्टी आहे, म्हणजे ही जर्सी आम्ही फार दिवस बघणार. ती चौघांनाही आपली वाटली पाहिजे, कुणी नुसतं ‘चालतंय की’ म्हणून घालायची नाही.

तर विचारायचं ते असं. नाव आणि रंग काय धरावेत? हेल्मेटवर देवनागरी अक्षर टाकता येतं काय? आणि डायनॅस्टीत आपली टीम घालायची म्हटलं की खऱ्या १३६ टीममधली एक काढावी लागते, ती कुठली काढावी? आमच्यातला एक जण म्हणतो ओहायो स्टेट काढूया, एकदम मोठ्या जागेवर बसूया.

खानापूर रानवाट

भावा, तुझा प्रश्न वाचून फार बरं वाटलं. आधी नावाचं बोलतो.

शहराचं नाव घेऊच नकोस. नदीचं घे. मलप्रभा आमच्या खानापूर तालुक्यात कणकुंबीला उगम पावते, खानापूर गावाला वळसा घालून खाली जाते, मुनवळ्ळीवरून सौंदत्तीच्या नवीलुतीर्थ धरणात येते आणि पुढं कुडलसंगमला कृष्णेला मिळते. वरच्या अंगाला काठावर मराठी जास्त, खाली कन्नड, आणि पाणी एकच. ‘मलप्रभा व्हॅली’ म्हण. अमेरिकेतल्या कॉलेजाच्या नावासारखं वाटतंही आणि परकंही वाटत नाही.

रंगही त्याच नदीचे घे. उगमाकडं सगळा जांभा आहे, पावसात पायवाटा विटकरी होतात. बैलहोंगल-सौंदत्तीकडं गेलास की काळी माती लागते. विटकरी आणि काळा. आपल्याकडच्या त्या दोन्ही झेंड्यांत ही जोडी नाही. फक्त रंग निवडताना शुद्ध लालावर थांबू नकोस, तपकिरीकडं थोडा झुकव, नाहीतर स्क्रीनवर तो नुसता लालच दिसतो आणि जांभ्याची ओळख पटत नाही.

आता टीमचं टोपणनाव. गवा सगळ्यात आधी सुचेल, आमच्या जंगलात आहेही. पण बैल आणि रेडे त्यांच्याकडं आधीच झालेत: टेक्ससचे लाँगहॉर्न्स, बफेलोचे आणि साउथ फ्लोरिडाचे बुल्स, कोलोराडोचे बफेलोज. वाघ म्हणशील तर ऑबर्न, क्लेमसन, एलएसयू, मेम्फिस, मिसूरी, पाच जणांकडं वाघच. मी सांगतो, वटवाघूळ घे. भीमगड अभयारण्यात तळेवाडीकडं बारापेडे गुहा आहेत. तिथं राउटनचं मुक्तपुच्छ वटवाघूळ राहतं. कितीतरी वर्षं जगात ते फक्त याच गुहांत आहे असं मानत होते. पुढं मेघालयात आणि कंबोडियात सापडलं. २०११ साली भीमगडला अभयारण्याचा दर्जा मिळाला, त्या मागणीत या वटवाघळाचा मोठा वाटा होता. आमच्या तालुक्याची यापेक्षा मोठी ओळख दुसरी कुठली सांगू? आणि बाहेर किती जणांना ती माहीत आहे?

चित्राबद्दल थोडं नीट सांगतो, कारण लोगो करणं हेच माझं रोजचं काम. या वटवाघळाचे कान मोठे आणि पुढं आलेले असतात. डोकं हेल्मेटच्या पुढच्या बाजूला, कपाळाकडं ठेव आणि पंख मागं कानाच्या भोकावरून वळत जाऊ दे. दोन्ही बाजूंना तोंड पुढंच राहील असं बघ, म्हणजे उजव्या बाजूचं चित्र उलटं करून डावीकडं लागलं पाहिजे. पंखातल्या बारीक शिरा काढत बसू नकोस. मैदानावर कॅमेरा वर गेला की हेल्मेट नखाएवढं दिसतं, त्यात तीन-चार जाड रेषा तेवढ्या टिकतात. फोनवर चित्र नखाएवढं करून बघ, तरीही वटवाघूळ ओळखू आलं तर झालं. पार्श्वभूमी पारदर्शक ठेवून पीएनजीमध्ये सेव्ह कर, नाहीतर काळ्या हेल्मेटवर पांढरा चौकोन येईल.

देवनागरी पाहिजे असेल तर ती चित्रातच काढावी लागेल. पण माझं ऐकशील तर हेल्मेटवर अक्षर टाकूच नकोस. नुसतं वटवाघूळ. मग लिपी कुठली हा विषयच येत नाही. आणि एक, कुठल्याही खऱ्या कॉलेजाचं किंवा विद्यापीठाचं चिन्ह उचलून चढवू नकोस. तिथं चढवलेलं चित्र आपल्या हक्काचं असावं लागतं, आणि स्वतः काढलेल्याची मजा वेगळीच.

निपाणीकर ब्लिट्झ

मलप्रभा आवडली. आमच्याकडं वेदगंगा, तरी मी आडवा येत नाही.

कुणाची जागा घ्यायची यावर मात्र मला बोलू द्या, कारण लोगोपेक्षा डायनॅस्टी यानंच बदलते. ज्या टीमला काढता तिची कॉन्फरन्स, म्हणजे आपापसात खेळणाऱ्या कॉलेजांचा गट, तुम्हाला मिळते, म्हणजे दरवर्षी कुणाकुणाशी भिडायचं ते तिथंच ठरतं. ओहायो स्टेट काढायला मी अजिबात सांगणार नाही. मिशिगनचा सीझनअखेरचा सामना मग कुणाशी? शंभर वर्षांहून जास्त जुनी चुरस तुम्ही पहिल्याच दिवशी पुसून टाकता, आणि त्या गेमचा जीवच अशा चुरशींत आहे. शिवाय पहिल्या वर्षीच सगळे सामने जिंकायला लागलात तर तीस सीझन करायचं काय?

माझ्या मते मिड-अमेरिकन कॉन्फरन्स, म्हणजे मॅक, धरा आणि तिथं केंट स्टेटची जागा घ्या. २०२४ मध्ये ते बाराच्या बारा सामने हरले. एवढ्या खालून टीम वर आणायची यातच खरा खेळ आहे. शेजारीच अ‍ॅक्रन आहे, टायरच्या कारखान्यांचं गाव, गुडइयर तिथलीच. उद्यमबागेत फाउंड्रीच्या भट्टीपाशी दिवस काढणाऱ्या चौघांना याहून चांगला शेजारी प्रतिस्पर्धी मिळणार नाही. मॅकचे नोव्हेंबरातले बरेच सामने मंगळवार-बुधवारी रात्री होतात, बाकीचं कॉलेज फुटबॉल बहुतेक शनिवारी. ही त्यांची खास ओळख.

टीमचं गाव अमेरिकेतच धरावं लागतं, तेही ओहायो धरा. खेळाडू मिळवताना गेम प्रत्येक कॉलेजाला चौदा गोष्टींत श्रेणी देतो, त्यातली एक म्हणजे खेळाडूच्या घरापासूनचं अंतर. ओहायोत हायस्कूलचा फुटबॉल मुरलेला आहे. चांगली पोरं जवळच मिळतात, आणि घराजवळ राहायचं म्हणणारा पोरगा मोठ्या कॉलेजला नाही म्हणून तुमच्याकडं येऊ शकतो. सुरुवातीला परंपरा, स्टेडियमचं वातावरण वगैरेत तुमची श्रेणी खालचीच असणार. म्हणून ‘लगेच खेळायला मिळेल’ आणि ‘घर जवळ आहे’ या दोन गोष्टींना महत्त्व देणारी पोरं शोधा, पहिले दोन-तीन सीझन त्यांच्यावरच काढा.

छोट्या कॉन्फरन्समधून काही हाती लागत नाही असं कुणी म्हणालं तर ऐकू नका. २०२४ पासून प्लेऑफमध्ये, म्हणजे सीझनअखेरच्या बाद फेरीत, १२ टीम असतात. जेम्स मॅडिसन २०२२ मध्ये वरच्या पातळीवर आली आणि २०२५ च्या सीझनमध्ये त्या बारांत होती. त्याच वर्षी टुलेनही होती. दोघीही पहिल्याच सामन्यात हरल्या, ते खरं. पण तिथवर पोचल्या.

कॅम्पातला ऑप्शन

रंग छान आहेत, पण आकड्यांचं बघा. काळ्यावर विटकरी आकडे किंवा विटकरीवर काळे, दोन्ही नकोत, लांबून वाचता येत नाहीत. घरच्या मैदानावर विटकरी जर्सी आणि पांढरे आकडे, बाहेर पांढरी जर्सी आणि काळे आकडे. हेल्मेट दोन्हीकडं काळं. या गेममधल्या मॅकमध्ये नॉर्दर्न इलिनॉयची टीम लाल-काळीच आहे, त्यांच्याकडं जाल तेव्हा पांढरी घालाच, नाहीतर ऐन पळापळीत आपला कोण ते कळायचं नाही.

स्टेडियम यादीतनं निवडायचं असतं, बांधता येत नाही. मिशिगनचं घेऊ नका, १ लाख ७ हजार ६०१ माणसांचं आहे ते. हरणाऱ्या टीमला छोटं मैदानच शोभतं.

आणि प्लेबुक, म्हणजे टीमच्या चालींचा संच! ते कुणी विचारलंच नाही. मी कॅम्पात वाढलो, मराठा लाइट इन्फंट्रीच्या केंद्राशेजारी, सकाळी शिट्टी आणि पळणारे जवान बघत. त्यामुळं म्हणा, मला आर्मीची टीम आवडते. वेस्ट पॉइंटच्या लष्करी अकादमीची पोरं, अंगानं दांडगी नाहीत, ट्रिपल ऑप्शनच्या (चेंडू तिघांपैकी कुणी पळवायचा ते ऐनवेळी ठरवायचं) मुळावर उभा राहिलेला जमिनीवरचा खेळ खेळतात. २०२४ मध्ये त्याच खेळावर त्यांनी अमेरिकन कॉन्फरन्स जिंकली. तुमची टीम सुरुवातीला कमजोर असणार, लांब पास झेलणारे तुमच्याकडं नसणार. मग चेंडू पळवा आणि घड्याळ खा. समोरचा तगडा क्वार्टरबॅक, म्हणजे पास टाकणारा मुख्य खेळाडू, बाकावर बसून राहतो.

शिकायला एकच गोष्ट आहे, नजर. स्नॅप झाला, म्हणजे चेंडू मागं क्वार्टरबॅककडं आला, की कडेच्या ज्या बचावपटूला मुद्दाम मोकळा सोडलाय त्याच्याकडं बघा, चेंडूकडं बघू नका. तो बाहेर थांबला तर प्लेस्टेशनचं एक्स बटण दाबून धरा, चेंडू रनिंग बॅककडं, म्हणजे मागून पळत येणाऱ्याकडं, जातो आणि तो मधून घुसतो. तो आत धावला तर बोट काढा, चेंडू क्वार्टरबॅककडं राहतो, त्याला घेऊन बाहेर पळा. बाहेर दुसरा अंगावर आला की एल-वन, चेंडू शेजारून पळणाऱ्याकडं. तो अंगाला भिडायच्या आधी टाका, धडक बसल्यावर टाकलात तर चेंडू कुठंही जातो. प्रॅक्टिसमध्ये हा एकच प्ले चौघांनी आळीपाळीनं खेळा, हात आपोआप बसतो.

अनगोळचा क्वार्टरबॅक

सगळ्यांचे मनापासून आभार. काल चौघं बसलो आणि सगळं वाचून दाखवलं. माझं आजोळ खानापूर. मल्लिकार्जुनअण्णाचं आजोळ मुनवळ्ळी, तो म्हणाला, आमच्या मामाच्या शेताला याच नदीचं पाणी. विटकरी आणि काळ्यावर कुणी एक शब्द काढला नाही.

तर मलप्रभा व्हॅली, वटवाघूळ, केंट स्टेटची जागा, आर्मीचं प्लेबुक. ओहायो स्टेटवाला अजून थोडा नाराज आहे, पण त्यांच्याशी सामना पहिल्याच वर्षी ठेवायचा या अटीवर तयार झाला. मोठ्या फरकानं हरू, हरू दे.

खानापूरवाल्या भावा, हेल्मेटचं चित्र तूच काढून देशील काय? मी काढलेलं नखाएवढं केलं की चिमणी दिसते. कान कसे पाहिजेत तेवढं जरी कागदावर पेन्सिलनं काढून फोटो टाकलास तरी पुढचं मी संगणकावर करतो. आणि कॅम्पातल्या दादा, शनिवारी मोकळे असाल तर अनगोळला या. ट्रिपल ऑप्शन समोर बसून शिकायचं आहे, एल-वन आम्ही सगळेच उशिरा दाबतोय.