मदत हवी आहे: नवं नाव दिल्यावरही देव जुन्याच नावाने हाक का मारतो?

बाप्तिस्म्यापूर्वीच्या प्रौढांच्या वर्गासाठी ‘नाव आणि ओळख’ हा पाठ तयार करायचा आहे. अब्रामाचं सोपं आहे. बायबलच्या उत्पत्ती या पुस्तकात १७:५ नंतर तो कायम अब्राहामच. गाडी अडते ती याकोबापाशी. ३२:२८ मध्ये त्याला इस्राएल हे नाव मिळतं, ३५:१० मध्ये देव तेच पुन्हा सांगतो, आणि ४६:२ मध्ये तर एकाच वचनात देव इस्राएलाशी बोलतो पण हाक मारतो ‘याकोबा, याकोबा’! पेत्राचंही तसंच. शिमोनाला पेत्र हे नवं नाव येशूनेच दिलं. लूक २२:३१ आणि योहान २१:१५, म्हणजे पेत्राने येशूला ओळखत नसल्याचं सांगून नाकारलं त्याच्या आधी आणि नंतरही, येशू त्याला शिमोनच म्हणतो.

(शौलाचा पौल दिमिष्काच्या (दमास्कसच्या) वाटेवर झाला, हे उदाहरण कृपया नको. प्रेषितांची कृत्ये १३:९ प्रमाणे त्याला दोन्ही नावं होती, आणि ते वचन येतं कुप्र (सायप्रस) बेटावरच्या प्रसंगात. हमखास इथेच घोळ होतो.)

जुनी हाक म्हणजे जुन्या दुबळेपणाची आठवण, असं बरेच जण शिकवतात. मला ते ओढूनताणून वाटतं, कारण ४६:३ मध्ये लगेच ‘भिऊ नको’ असा दिलासा आहे. तुम्ही हे कसं मांडता? आणि प्रकटीकरण २:१७ मधलं पांढऱ्या खड्यावरचं नाव फक्त घेणाऱ्यालाच ठाऊक असतं. सगळ्यांसमोर घेतल्या जाणाऱ्या बाप्तिस्म्याच्या नावाशी ते जोडावं, की वेगळंच ठेवावं?