कॉटनवुडचे शेंडे वाळलेत, खाली मात्र पालवी. कीड की तहान?

प्रश्न
ॲरिझोनातल्या सॅन पेद्रो नदीकाठी गेली सहा वर्षं मी जूनमध्ये पक्षी बघायला जाते. एका वळणावर फ्रीमॉन्ट कॉटनवुडची आठ थोराड झाडं आहेत. यंदा त्यातल्या पाचांचे शेंडे पार वाळलेत, पण खालच्या फांद्यांना ताजी पालवी आहे. बुडाशी डहाळ्यांचा सडा पडलाय, टोकं छाटल्यासारखी गुळगुळीत. नदीत घोटाभर पाणी असताना झाड तहानलेलं कसं? जीव तुटतो बघून.

उत्तर
ताई, मला ही तहानच वाटते. मी तिथल्या निरीक्षण विहिरींची पातळी चार वर्षं मोजली आहे. नदी वाहती असायची, पण काठावरच्या उंच भाटीतल्या विहिरीत टेप तीन मीटर खाली गेल्यावर पाण्याला टेकून वाजायची. पावसाळा जुलैत, त्यामुळे जूनमध्ये पाणी सर्वांत खोल. त्यात आसपासचा उपसा.

पानांतून बाष्प उडतं तसं खोडातल्या बारीक नळ्यांतलं पाणी वर खेचलं जातं. मुळांशी ओल हटली की ताण वाढतो, नळीत हवा शिरते आणि ती नळी बाद होते. वाळवंटात राहूनही कॉटनवुड याबाबतीत फार नाजूक. आधी पानांची रंध्रं मिटतात, मग पानं गळतात, शेवटी झाड फांद्याच सोडून देतं. उरलेल्या पानांना पाणी पुरावं म्हणून.

डहाळीचं टोक नीट बघा. वाऱ्यानं मोडली तर धसकट निघतं. झाडानं सोडली असेल तर सांध्याशी गोल, गुळगुळीत गाठ दिसते.

प्रश्नकर्ती
पाहिलं. गाठच आहे, अगदी गुळगुळीत! शेजारचा झाऊ मात्र हिरवागार कसा?

दुसरं उत्तर
झाऊची मुळं जास्त खोल जातात आणि त्याला खारट पाणीही चालतं. मला काळजी रोपांची आहे. कॉटनवुडचं बी काही आठवडेच जिवंत राहतं, त्याला पुरानं नुकतीच आणलेली ओली, उघडी वाळू लागते. पुढे पाणी दिवसाला साधारण अडीच सेंटिमीटरपेक्षा वेगानं उतरलं, तर कोवळं मूळ त्याचा पाठलाग करू शकत नाही. वळणाच्या आतल्या बाजूला, वाळूवर, बोटभर रोपं दिसतात का?

प्रश्नकर्ती
नाही, तिथे झाऊच आहे. पावसाळ्यानंतर त्याच जागी उभी राहून पुन्हा फोटो काढते.